फिरत्या घरांतील विजेचे दोन हौद

(नभोवाणीवरील भाषण)

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहीं जणांस नवल वाटलें असेल. तीस वर्षें शाळेंत गणित व पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, स्वतः मॅट्रिकच्या पलीकडे न गेलेल्या शिक्षकानें लिथियमच्या बॅटर्‍यांविषयीं काय म्हणून बोलावें? परंतु मी जी हकीकत सांगणार आहें ती ऐकीव नाहीं. ती माझ्या डोळ्यांदेखत घडली, आणि ती घडविण्यांत माझाहि हात होता. शिवाय तिच्या मुळाशीं जो नियम आहे तो आजचा नव्हे. जॉर्ज ओहम या जर्मन शास्त्रज्ञानें तो १८२७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला, आणि आपणांपैकीं बहुतेकांनीं तो शाळेंत पाठ म्हटलेला आहे. पाठ म्हटलेली गोष्ट आणि समजलेली गोष्ट यांत केवढें अंतर असतें, हें मला साठी उलटल्यावर, एका मोटारीच्या मागल्या दाराशीं उभा असतांना कळलें.

माझा पुतण्या पुण्यास नोकरीस असतो. त्याला लहानपणापासून भटकण्याचें वेड. लग्न झालें, मुलगी झाली, तरी तें सुटलें नाहीं. उलट आतां तें घरांतल्या तिघांनाहि लागलें आहे. कांहीं वर्षांपूर्वीं त्यानें एक लांब, बंद मोटार घेतली, परिवहन कार्यालयाची रीतसर परवानगी काढली, आणि सुटीच्या दिवसांत आपल्या हातांनीं तिच्यांत संसार मांडला. दोन्ही बाजूंस झोपण्याच्या फळ्या, एक लहान ओटा, चार दिवे, एक पंखा आणि एक शीतपेटी. अशा गाडीला युरोप-अमेरिकेंत ‘कॅम्पर’ म्हणतात. आपल्याकडेहि, महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केल्यापासून, हीं फिरतीं घरें लोकांच्या परिचयाचीं होऊं लागलीं आहेत. पुतण्या मला म्हणाला, “काका, यंदा कोंकणांत सगळेच जाऊं. तुमची फळी डावीकडे, आणि तुमच्या नातीची उजवीकडे.” उजवीकडच्या फळीखालीं बॅटर्‍यांची पेटी होती. ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. कारण पुढें जें कांहीं मी सांगणार आहें तें सर्व त्या एका फळीसाठीं आहे.

अशा घराची वीज छपरावरून येते. पुतण्यानें छपरावर प्रत्येकी २०० वॅटचीं दोन सौर पॅनेलें बसविलीं आहेत. स्वच्छ उन्हाच्या दिवशीं तीं दोन्ही मिळून दीड युनिटाच्या आसपास वीज देतात. खर्चाचा अंदाज आम्हीं कागदावर मांडला. शीतपेटीस दिवसाकांठीं अर्धें युनिट, रात्रभर चालणार्‍या पंख्यास पाव युनिट, आणि दिवे, मोबाईल, लॅपटॉप यांस मिळून आणखी पाव युनिट. म्हणजे एकूण एक युनिट. त्याच्यापाशीं १०० अँपिअर-तासांची जी बॅटरी होती ती पुरी भरली असतां १.२८ युनिट सांठविते. म्हणजे एका दिवसास ती पुरते. पण आभाळ दोन दिवस भरून राहिलें तर? पावसाळी दिवशीं पॅनेलांपासून नेहमींच्या चतुर्थांश वीज मिळेल याचीहि शाश्वती नसते. म्हणून तशीच दुसरी बॅटरी करून ती पहिलीच्या जोडीस लावावी, असें त्यानें ठरविलें. ‘करून’ म्हणतों, कारण त्यानें तयार बॅटरी न आणतां सुटे घट आणून ती घरींच बांधली होती.

येथें घटांविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. व्होल्टानें आपली विजेची चळत १८०० सालीं जगापुढें मांडली. प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें पुन्हां पुन्हां भरतां येणारी शिशाची बॅटरी १८५९ सालीं केली. आणि लिथियमचा पुन्हां भरतां येणारा घट जपानांतून बाजारांत आला तो १९९१ सालीं. या लिथियम घटांच्या कामगिरीबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. पुतण्याच्या घटांत लिथियम लोह फॉस्फेट नांवाचें द्रव्य आहे. तें घटांत वापरतां येतें असें दाखविणारा निबंध १९९७ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्यावर पाधी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ अशीं तीन नांवें आहेत. त्यांतलीं पहिलीं दोन नांवें वाचून मला, एक भारतीय शिक्षक म्हणून, जो आनंद झाला तो आपण समजून घ्याल. हें द्रव्य इतर लिथियम घटांतील द्रव्यांपेक्षां उष्णतेस अधिक टिकतें, म्हणून फिरत्या घरांत त्यालाच पसंती मिळते. अशा एका घटाचा दाब ३.२ व्होल्ट, चार घट एकापुढें एक जोडले कीं १२.८ व्होल्टची बॅटरी होते.

घट अथवा बॅटर्‍या जोडण्याच्या दोन रीति आहेत. एकाचें धन टोंक दुसर्‍याच्या ऋण टोंकास जोडलें तर ती एकसर जोडणी. तींत दाबाची बेरीज होते. धनास धन व ऋणास ऋण जोडलें तर ती समांतर जोडणी; तींत दाब तोच राहतो आणि सांठ्याची बेरीज होते. वर्गांत मी मुलांना हौदांचें उदाहरण देत असें. हौदावर हौद चढविला तर पाण्याची उंची वाढते. हौदाशेजारीं हौद ठेवून दोन्ही तळाशीं नळीनें जोडले तर उंची तीच राहून पाणी दुप्पट सांठतें. एका हौदांत पाणी अधिक असेल तर तें दुसर्‍यांत जातें आणि शेवटीं पातळी सारखी होते. मुलांना हें फार लवकर पटे. मलाहि पटलें होतें.

तो मार्गशीर्षांतला एक रविवार होता. जुनी बॅटरी पॅनेलांनीं नुकतीच पुरी भरलेली. नवी, तिची क्षमता तपासण्यासाठीं दिवे जाळून जवळजवळ रिकामी केलेली. दाबमापक माझ्या हातांत होता आणि आंकडे मीच मोठ्यानें वाचले. जुनीचा दाब १३.६ व्होल्ट, नवीचा १२.०. पुतण्या म्हणाला, “दीड व्होल्टाचाच फरक आहे, काका. भरलेली रिकामीला भरील आणि दोघी सारख्या होतील.” मीं मान डोलाविली. ऋण टोंकें आधींच जोडलेलीं होतीं. धन टोंकावर त्यानें तार टेकविली मात्र, ‘चट्ट’ असा आवाज होऊन ठिणग्या उडाल्या, तारेच्या टोंकावरील तांब्याचा एक कण वितळून त्याच्या बोटावर बसला, आणि दचकून त्याच्या दुसर्‍या हातांतला लोखंडी पाना सुटला. तो बॅटरीच्या दोन टोंकांवर आडवा न पडतां बाजूच्या फळीवर पडला, हें आमचें दैव. दारांत नात उभी होती. तिनें विचारलें, “आजोबा, तुम्ही तर आंकडे वाचले होते ना?”

त्या प्रश्नास माझ्याजवळ उत्तर नव्हतें. रात्रीं मीं कागद-पेन्सिल घेतली. ओहमचा नियम सांगतो कीं, दाबांतील फरकास रोधानें भागलें म्हणजे प्रवाह मिळतो. फरक १.६ व्होल्ट. आतां रोध. दोन्ही बॅटर्‍यांतील घट, तारा, सांधे हें सर्व धरून त्या मार्गाचा रोध फार तर ८ मिलिओहम, म्हणजे एका ओहमाचे हजार भाग केले तर त्यांतले आठ. भागाकार करा, उत्तर २०० अँपिअर येतें. आपल्या घरांतील १००० वॅटच्या इस्तरींतून चार-साडेचार अँपिअर वाहतात. पुतण्याच्या घटांस भरतांना ५० अँपिअरहून अधिक प्रवाह देऊं नये असा दंडक. आणि आम्ही त्यांस एका क्षणांत त्याच्या चौपट पाजावयास निघालों होतों. हौदाचें उदाहरण खोटें नव्हतें. मधली नळी केवढी रुंद आहे, हें मीं तीस वर्षांत कधीं विचारलें नव्हतें, एवढेंच. लिथियमच्या बॅटर्‍यांत ती नळी नसतेच म्हणा. तेथें दोन हौदांच्या मधली भिंतच पाडलेली असते.

आणि पाना टोंकांवर पडला असता तर? एका बॅटरीचा रोध ४ मिलिओहम धरला, तर १२.८ भागिलें ०.००४, म्हणजे ३२०० अँपिअर. हा आंकडा लिहून झाल्यावर मीं दिवा मालविला. पण झोंप लागली नाहीं.

दुसर्‍या दिवशीं आम्हीं काम पुन्हां आरंभापासून हातीं घेतलें. त्यांतून जे धडे मिळाले ते मी क्रमानें सांगतों.

पहिला धडा असा कीं, जोडण्यापूर्वीं दोन्ही बॅटर्‍या एकाच पातळीस आणल्या पाहिजेत. आतां कोणी म्हणेल, दोघींचा दाब मोजून सारखा दिसला कीं झालें. येथें लोह-फॉस्फेटचा घट आपणांस फसवितो. शिशाच्या बॅटरीचा दाब ती रिती होत जाते तसतसा उतरत जातो, आणि त्यावरून सांठ्याचा अदमास घेतां येतो. लोह-फॉस्फेटची ८० टक्के भरलेली बॅटरी आणि ४० टक्के भरलेली बॅटरी शेजारीं ठेवा. विसांवल्यावर दोघींच्या दाबांत पाव व्होल्टाचाहि फरक आढळत नाहीं. मधल्या भागांत तिची पातळी दिसतच नाहीं. ती दिसते तळाशीं नाहीं तर कांठाशीं. म्हणून उत्तम रीत ही कीं, प्रत्येक बॅटरी स्वतंत्रपणें, याच जातीच्या चार्जरनें, १४.४ व्होल्टपर्यंत पुरी भरावी. चार्जरचा प्रवाह उतरून अगदीं थोडा होईपर्यंत थांबावें. मग दोघींना कांहीं तास विसांवा द्यावा, आणि दाब मोजून फरक एक-दशांश व्होल्टाच्या आंत असेल तरच जोडाव्या. तेव्हांहि पहिली गांठ सरळ घालूं नये. मधें मोटारीच्या पुढल्या दिव्याचा ५५ वॅटचा बल्ब ठेवावा. तो अरुंद नळीचें काम करतो. फरक राहिलाच असेल तर प्रवाह कांहीं अँपिअरांवर अडून राहतो. मात्र बल्ब पेटला नाहीं म्हणजे समता झाली, असें समजूं नये. थोड्या फरकास तो पेटतच नाहीं. खातरजमा दाबमापकानेंच करावी.

दुसरा धडा तारांचा. दोन बॅटर्‍यांनीं ओझें सारखें उचलावें अशी इच्छा असेल, तर दोघींच्या वाटा सारख्या लांबीच्या हव्यात. २५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा दीड मीटर लांबीस सुमारें १ मिलिओहम रोध असतो. ऐकावयास हें क्षुल्लक वाटतें. पण बॅटरीचा स्वतःचा रोधच ४ मिलिओहम असेल, तेथें १ मिलिओहम क्षुल्लक कसा? समजा, गाडीच्या दोन्ही मुख्य तारा पहिल्या बॅटरीस जोडल्या, आणि दुसरी बॅटरी दीड-दीड मीटरच्या दोन तारांनीं पहिलीस जोडली. मग पहिलीच्या वाटेंत ४ आणि दुसरीच्या वाटेंत ६ मिलिओहम होतात. १०० अँपिअरांपैकीं पहिली ६० उचलते, दुसरी ४०. आरंभापासून पहिलीची झीज अधिक. आतां धन तार पहिलीवरून घ्या आणि ऋण तार दुसरीवरून. प्रत्येकीच्या वाटेंत एकच जोडतार येते. दोन्हीकडे ५ मिलिओहम होतात आणि ओझें ५०-५० वांटलें जातें. नवी खरेदी नाहीं, खर्च नाहीं. एक तार येथून काढून तेथें लावली, एवढेंच. श्रोत्यांनीं कागदावर दोन चौकोन काढून हें अवश्य पाहावें. बॅटर्‍या तीन किंवा चार असतील तर मात्र ही तिरपी जोडणी पुरत नाहीं. तेथें तांब्याच्या दोन जाड पट्ट्या बसवून प्रत्येक बॅटरीपासून त्या पट्ट्यांपर्यंत सारख्या लांबीच्या तारा न्याव्या. आणि सांधे! सैल किंवा मळलेला सांधा हा लांब तारेसारखाच, किंबहुना तिच्याहून वाईट. कारण तो तापतो.

तिसरा धडा रक्षणाचा. लिथियमच्या प्रत्येक बॅटरीस एक रक्षक यंत्रणा लागते. जाणकार तिला बी.एम.एस. म्हणतात. ती प्रत्येक घटावर नजर ठेवते. एखादा घट ३.६५ व्होल्टच्या वर चढला, २.५ च्या खालीं उतरला, अथवा प्रवाह व उष्णता मर्यादेबाहेर गेली, तर बॅटरी तोडून बाजूस करते. आमच्या त्या रविवारीं तिनेंच क्षणार्धांत प्रवाह तोडला. पण तिच्यावर सर्व भार टाकूं नये. प्रवाहाच्या तडाख्यानें ती जळाली, तर पुष्कळदां वाट बंद होण्याऐवजीं कायमची मोकळी राहते. दोन बॅटर्‍या असतील तर दोन रक्षक हवेत, आणि प्रत्येकाची ताकद एकट्यानें सगळें ओझें पेलण्याइतकी हवी. पुतण्याचा इन्व्हर्टर पुर्‍या भारावर सुमारें ९० अँपिअर ओढतो. दोघींत वांटून ४५ येतात, म्हणून ६० अँपिअरचे रक्षक चालतील असें त्याला वाटत होतें. पण एकीनें कांहीं कारणानें अंग काढून घेतलें, तर दुसरीवर अकस्मात् ९० येणार. तीहि तत्काळ बंद पडणार, आणि ऐन रात्रीं अंधार होणार. म्हणून त्यानें १००-१०० अँपिअरचे रक्षक बसविले. एक सूक्ष्म गोष्ट आणखी. एक बॅटरी अशी बाजूस झाली आणि दुसरी तशीच भरत किंवा रिती होत राहिली, तर दोघींची पातळी पुन्हां विषम होते. अशा वेळीं कारण शोधल्याशिवाय व पातळी पुन्हां सारखी केल्याशिवाय त्यांस एकत्र आणूं नये.

याखेरीज प्रत्येक बॅटरीच्या धन टोंकालगत तिचा स्वतःचा फ्यूज हवा. समांतर जोडणींत एकीच्या पोटांत बिघाड झाला तर दुसरी आपला सगळा सांठा तिच्यांत ओतूं लागते. चांगली बॅटरीच बिघडलेलीच्या आगींत तेल घालते. मघांचा ३२०० अँपिअरचा आंकडा आठवा. मोटारींतला साधा पातीचा फ्यूज एवढा प्रवाह तोडण्यासाठीं बनविलेलाच नसतो. तो वितळला तरी मधल्या फटींतून ज्योत चालूंच राहूं शकते. त्यासाठीं ‘टी’ वर्गाचे फ्यूज मिळतात. ते महाग आहेत, पण त्या उजवीकडच्या फळीपेक्षां महाग नाहींत.

चौथा धडा संगतीचा. समांतर जोडींत एकाच जातीच्या बॅटर्‍या असाव्या. शिशाची व लिथियमची, किंवा लोह-फॉस्फेटची व लॅपटॉपांतल्या जातीच्या घटांची, अशी जोडी लावूं नये. त्यांच्या भरण्याच्या व उतरण्याच्या मर्यादाच निराळ्या असतात. जुन्या बाजारांत टाकाऊ लॅपटॉपांतले घट स्वस्त मिळतात, आणि हौशी माणसास त्यांचा मोह पडतो. पण ज्याचा पूर्वेतिहास माहीत नाहीं असा घट झोंपावयाच्या जागेखालीं ठेवूं नये. तसेंच लडाख-स्पितीकडे जाणार्‍यांनीं लक्षांत ठेवावें कीं, घटांचें तापमान शून्य अंशाखालीं असतां ते भरूं नयेत. तसें केल्यास लिथियम आपल्या जागीं न मुरतां धातुरूपानें पृष्ठभागावर सांचतें आणि घटाचें कायमचें नुकसान होतें. तेथें पहांटेचें ऊन छपरावर पडतें तेव्हां आंतली पेटी अजून गोठलेली असते.

शेवटीं हातांच्या संवयी. काम करण्यापूर्वीं अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवावें. पान्याच्या दांड्यास रबरी पट्टी गुंडाळावी. ज्या टोंकावर काम चालू नाहीं तें झांकून ठेवावें. पेटी पट्ट्यांनीं घट्ट बांधावी, आणि घाटांतले हादरे खाऊन आल्यावर प्रत्येक नट पुन्हां तपासावा. ज्यास हें सर्व स्वतः करण्याचा आत्मविश्वास नाहीं, त्यानें जाणत्या कारागिराकडे जावें. त्यांत कमीपणा नाहीं.

आठवड्याभरानें आम्हीं पुन्हां मोटारीच्या मागल्या दाराशीं उभे राहिलों. दोन्ही बॅटर्‍या निरनिराळ्या भरून रात्रभर विसांवलेल्या होत्या. या खेपेस आंकडे नातीनें वाचले. फरक होता व्होल्टाच्या शंभर भागांपैकीं चार. तिनेंच वहींत भागाकार केला, ०.०४ भागिलें ०.००८, आणि सांगितलें, “आजोबा, फक्त पांच अँपिअर.” बल्ब मधें ठेवून पहिली गांठ घातली, मग तो काढून तार सरळ बसविली. ठिणगी उडाली नाहीं. कांहींच घडलें नाहीं. आणि कांहीं न घडणें हीच अशा कामांतली शाबासकी असते.

वैशाखाच्या अखेरीस आम्ही हरिहरेश्वरास गेलों. दोन दिवस आभाळ भरलेलें होतें. दुसर्‍या रात्रींहि पंखा चालूं होता. मध्यरात्रीं मी उठलों, उजवीकडच्या फळीजवळ वांकून पेटीस हात लावून पाहिला. ती थंड होती. प्रवाहमापकाचे दोन्ही आंकडे जवळजवळ सारखे होते. नात वर गाढ झोंपली होती.

श्रोतेहो, समांतर जोडणी ही नुसती बेरीज आहे असें मी मुलांना शिकविलें. ती भागीदारी आहे, हें शिकवावयाचें राहून गेलें. भागीदारींत शिरण्यापूर्वीं दोघांची पातळी एक हवी, दोघांच्या वाटा सारख्या हव्यात, आणि प्रत्येकाच्या दारीं त्याचा स्वतःचा पहारेकरी हवा. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी आज हें ऐकत असेल, तर त्यानें आपल्या वहींत एवढी दुरुस्ती करून घ्यावी, अशी माझी विनंति आहे.